ब्रुक्स घोस्ट १६ लेडीज: व्हेगन रनिंग शूज घेणाऱ्यांसाठी

व्हेगन, म्हणजे जनावरांपासून मिळालेलं काहीच न वापरलेले, रनिंग शूज मागितले की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं, "मॅडम यात लेदर नाहीच, सगळं कापडी आहे." ते खरंच आहे, आजकाल पळायच्या बुटांना वर पॉलिएस्टरची जाळी, मध्ये फोम आणि खाली रबर, चामडं सहसा नसतंच. पण घोडं अडतं ते गोंदापाशी. जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून केलेला सरस हा प्रकार अजून आहे, आणि बुटाचं सोल कशाने चिकटवलंय हे नुसतं बघून कोणालाच कळणार नाही. बुटाच्या जिभेमागे बारीक चित्रं असतात बघा, कातड्याच्या आकाराचं चित्र म्हणजे लेदर, विणीचं म्हणजे कापड, शंकरपाळ्यासारखा चौकोन म्हणजे बाकी काहीही. ती युरोपच्या १९९४ च्या नियमातली आहेत, त्यात वरचा भाग, अस्तर आणि खालचं सोल एवढंच धरतात, गोंदाचा पत्ताच नाही. आणि "नॅचरल" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, मेरिनो लोकर पण नॅचरलच असते.

म्हणून कंपनी स्वतः काय सांगते तेच मी धरते. ब्रुक्सने त्यांचे पळायचे शूज व्हेगन आहेत असं सांगितलंय, पण त्यांचाच ॲडिक्शन वॉकर चालायचा बूट लेदरमध्ये येतो, तेव्हा नुसतं ब्रँडचं नाव बघून उचलायचं नाही, मॉडेल बघायचं.

आता घोस्ट १६. माझा पंजा रुंद आणि टाच बारीक, त्यामुळे बहुतेक बुटात एकतर करंगळी घासते नाहीतर टाच वर उचलली जाते. यात पुढे बोटं नीट पसरतात आणि टाचेजवळची गादी पाय धरून ठेवते, वर जे शेवटचं जादाचं भोक असतं त्यातून लेस ओवली की टाच हलतच नाही. वजन साधारण २४० ग्रॅम, फोम मऊ आहे पण पाय रुतत नाही, रोजच्या सावकाश पळण्याला मला तरी हाच आवडतो. टाच पंज्यापेक्षा १२ मिलिमीटर उंच आहे, ज्यांना सपाट बूट आवडतो त्यांनी हा घेऊच नये, अल्ट्रा (Altra) कंपनीचे झिरो ड्रॉपवाले, म्हणजे टाच आणि पंजा एकाच उंचीवर असणारे, बघावेत (तिथेही व्हेगन आहे का ते मॉडेलनुसार तपासा), फक्त पोटऱ्यांना सवय होईपर्यंत थोडं थोडंच पळा.

रुंदीकडे बायका लक्षच देत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, नखं काळी पडली तरी तोच बूट घालून पळतात. लेडीजमध्ये बी म्हणजे नेहमीची रुंदी, डी म्हणजे वाइड, आणि जेन्ट्समध्ये डी हीच नेहमीची, त्यामुळे वाइड मिळत नसेल तर अमेरिकन मापाने दीड नंबर कमी करून सरळ जेन्ट्सचा घालून बघा, रंगाचं काय एवढं. ट्रायल संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, पळताना घालता तेच मोजे घाला आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा.

अमेरिकेतून कोणाकडून मागवणार असाल तर ब्रुक्समध्ये लेडीज यूएस ८ म्हणजे यूके ६, युरोपियन ३९. मापासोबत रुंदीचं अक्षर पण कळवा, नाहीतर समोरचा नेहमीच्या 'बी' रुंदीचाच घेऊन येणार.