हायब्रिड गाडी, सोलापूर-पुणे हायवे आणि अप्पांचा केपीटीएल

पाडव्याला घेतलेल्या टोयोटा हायरायडर स्ट्राँग हायब्रिडला (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) आता संक्रांतीला दहा महिने होतील. १६ हजार किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त सोलापूर-पुणे रस्त्यावरचे. मुलगी पुण्यात शिकते, त्यामुळे महिन्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या.

गावातलं अ‍ॅव्हरेज दोन ओळींत सांगतो. सात रस्ता ते जुळे सोलापूर असल्या फेऱ्यांत सिग्नलला इंजिन बंद, ब्रेकला पाय लागला की बॅटरीत चार्ज. तिथं गाडीच सगळं करते. हायवेला मात्र ब्रेकच फारसा लागत नाही, मग परत मिळवायला काही उरत नाही. तिथं ड्रायव्हरचा पाय आणि समोरची हवा, एवढाच हिशेब. हे मला पहिले दोन महिने कळलंच नाही.

सुरुवातीच्या चार फेऱ्या मी १०५-११० ने मारल्या. सोलापूरच्या बाळे भागातल्या एकाच पंपावर टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, परत आल्यावर तिथंच भरून भागाकार. उत्तर आलं लिटरला २०.४ किलोमीटर. गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या एआरएआय संस्थेचा आकडा २७.९७, म्हणून मन खट्टू झालं. पण ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, तिथला सर्वांत जास्त वेग ९०, तोही थोडाच वेळ. दिवसभर ११० ने पळवणाऱ्यानं त्या आकड्याची अपेक्षा धरू नये.

पाचव्या फेरीला अप्पा शेजारी बसले. ते २८ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. डेपोत केपीटीएल काढायचे, म्हणजे दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर. ज्याचा कमी यायचा त्याला साहेबांसमोर उभं राहावं लागायचं. मोहोळ जायच्या आतच ते म्हणाले, "पुढच्या गाडीच्या बंपरकडं काय बघायलास? त्याच्या पुढचं बघ की." मी म्हटलं, "अप्पा, ही हायब्रिड आहे, तुमच्या एसटीसारखी नाही." त्यावर ते एवढंच म्हणाले, "वारं दोघांना सारखंच लागतं."

आणि तेच खरं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८५ च्या तुलनेत १०५ ला तो दीडपट होतो. तेव्हापासून मी ८०-८५ धरतो आणि अ‍ॅव्हरेज २५ च्या आसपास येतं. मोकळा हायवे २२० किलोमीटर धरला तर वेळेचा फरक जेमतेम अर्धा तास. पेट्रोल एका बाजूला सव्वादोन लिटर वाचतं, जाऊन-येऊन साडेचार. पेट्रोल शंभराच्या वर असताना हे साडेचारशेच्या वर रुपये होतात.

सावळेश्वरच्या टोलला अप्पांची शिकवण सगळ्यात चांगली कळते. पाचशे मीटरचा बोर्ड दिसला की पाय काढायचा. डिस्प्लेवर काटा ‘चार्ज’मध्ये उतरतो, इंजिन बंद पडतं, टायरचा आवाज तेवढा ऐकू येतो आणि गाडी घरंगळत रांगेपर्यंत पोचते. शेवटी ब्रेक हलकाच लावायचा. जोरात दाबला तर बॅटरीत जायची ती ताकद ब्रेक पॅडच्या उष्णतेत जाते. वरवडे, सरडेवाडी, पाटस, प्रत्येक टोलला हेच.

उताराला न्यूट्रल टाकायची माझी जुनी सवय होती, ती या गाडीत सोडावीच लागते. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. गिअर डी (ड्राइव्ह) मध्येच ठेवायचा. तुळजापूरचा घाट उतरताना मात्र ‘बी’ गिअर उपयोगी पडतो, इंजिनचा ब्रेक लागतो. पण बी फक्त उतारासाठी. सपाटीला तो ठेवला तर पाय काढताच गाडी अडखळते आणि घरंगळायचं राहूनच जातं.

गाडी फक्त बॅटरीवर चाललीय असं सांगणारा हिरवा ‘ईव्ही’ दिवा पेटलेला राहावा म्हणून धडपडू नका. मी महिनाभर केलं. बॅटरी फक्त ०.७६ किलोवॅट-तासाची, ८० च्या वेगाला ती दोन-तीन किलोमीटरमध्ये खाली येते. मग इंजिनाला गाडीही ओढायची आणि बॅटरीही भरायची. ती वीज शेवटी पेट्रोलचीच, शिवाय भरताना एकदा आणि काढताना एकदा थोडी वाया जाते. पाय हलका ठेवा, कधी मोटर कधी इंजिन हे गाडीला ठरवू द्या.

क्रूझ कंट्रोल सपाटीला उत्तम. उड्डाणपूल किंवा चढ आला की ते ८५ टिकवण्यासाठी पेट्रोल ओतत राहतं. तिथं मी ते बंद करतो, चढावर वेग ७५ पर्यंत पडू देतो आणि उताराला आपोआप भरून घेतो. ट्रकच्या मागे चिकटून वारा चुकवायचा प्रकार मात्र करू नका. गाळपाच्या दिवसांत पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर असतो, मागे लाल दिवा नसतो आणि रात्री तो अगदी जवळ गेल्यावर दिसतो.

आता वाऱ्याचं. आषाढात पुण्याला जाताना २२.८ आलं, दोन दिवसांनी परत येताना २७. गाडी तीच, वेग तोच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना थेट तोंडावर. वाटेत उजनीच्या पाण्यावरच्या लाटा आपल्याकडं येताना दिसतात, ट्रकच्या ताडपत्र्या फडफडतात. त्यात पुणे सोलापूरपेक्षा सुमारे शंभर मीटर उंच. म्हणून एका बाजूच्या आकड्यावर खूश होऊ नये आणि खचूही नये, जाऊन-येऊनचाच आकडा धरावा.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. मे महिन्यात शंभर किलोमीटर धावल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं, ते कमी करायला सांगू नका. आणि त्या ४३ अंशांत एसी बंद ठेवून अ‍ॅव्हरेज वाचवायच्या फंदातही पडू नका. बॅटरी केबिनच्याच हवेनं थंड होते. मागच्या सीटजवळच्या तिच्या जाळीसमोर पिशव्या ठेवू नयेत. आमच्याकडं शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं गाठोडं तिथंच जायचं, आता डिकीत जातं.

गेल्या रविवारी बाळ्याच्या पंपावर टाकी भरली. ५०६ किलोमीटर, १९.६ लिटर. अप्पांनी खिशातली डायरी काढून तारखेपुढं लिहिलं: केपीटीएल २५८.