इल्लीगल पिच ओळखायचा ऑनलाइन कोर्स: पायांसाठी डोळे झाकून घ्या, बाकीचं बघून घ्या

फास्टपिच सॉफ्टबॉलच्या अंपायर आणि कोच लोकांसाठी असलेला, इल्लीगल पिच म्हणजे नियम मोडून टाकलेला बॉल ओळखायला शिकवणारा हा कोर्स पूर्ण केला, नाव मुद्दाम देत नाही कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत, ज्यांनी केलाय ते वर्णनावरून ओळखतीलच. पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातले जवळजवळ तीन एकट्या फूटवर्कच्या भागाला आहेत.

आधी चांगलं सांगतो. क्रो हॉप म्हणजे काय हे नियमात वाचून कुणालाही पटकन कळत नाही, पिव्होट फूट (मागचा, ढकलणारा पाय), दुसरा इम्पेटस, नवीन स्टार्टिंग पॉइंट असले शब्द वाचून डोकं गरगरतं, पण इथे एकाच पिचरची एकच डिलिव्हरी बाजूने, समोरून आणि मागून अशी तीन कॅमेऱ्यांतून दाखवलीय आणि फ्रेम फ्रेम पुढे सरकवता येते. लीगल पिचरचा मागचा पाय पिचिंग प्लेटवरून (पिचर जिथून सुरुवात करते ती पट्टी) ढकलतो आणि नंतर नुसता घसटत येतो, त्याच्यावर वजन नसतं. क्रो हॉपवालीचा पाय सुटतो, पुढे जाऊन परत रोवला जातो आणि तिथून दुसऱ्यांदा जोर लावला जातो. म्हणजे पिचिंग प्लेटपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ४३ फूट असलं तरी तिने ढकललंय बरंच पुढून, अंतर कमी झालं आणि बॅटरचं टायमिंगही गेलं. त्यांनी स्क्रीनवर प्लेटच्या पुढच्या कडेला एक रेघ मारलीय आणि दुसरा धक्का जिथून सुरू होतो तिथे दुसरी, त्या दोन रेघांमधली जागा बघितली की वादच संपतो.

कोर्समधली सगळ्यात भारी गोष्ट मात्र मातीची आहे, व्हिडिओची नाही. एक छोटा भाग आहे त्यात ते सांगतात की हाफ इनिंग संपली की सर्कलमधून (पिचरच्या गोलातून) जाता जाता पिचिंग प्लेटच्या पुढची माती बघा. नुसता पाय घसटला असेल तर प्लेटपासून निघालेला लांब, सलग चर दिसतो, कधी सरळ कधी जरा वाकडा. रिप्लांट करणारीचा चर मध्येच तुटतो किंवा नसतोच, आणि प्लेटपासून फूट दीड फूट पुढे बुटाच्या टोकाने उकरलेला खोल खळगा असतो, त्याच्या मागच्या बाजूला माती फेकल्यासारखी. खळगा दिसला म्हणून पुढच्या पिचला लगेच इल्लीगलचा हात काढायचा नाही, कॉल डोळ्यांनी बघितलेल्याचाच करायचा, पण कुठे बघायचं ते कळतं. आणि दोन्ही टीमच्या पिचर तीच जागा वापरतात त्यामुळे खळगा नक्की कुणाचा ते आधी ठरवा, हे त्यांनी सांगितलं नाहीये, मी सांगतोय.

आता पहिली मोठी बोंब. लीपचा भाग जुना आहे. लीप म्हणजे ढकलताना दोन्ही पाय हवेत, आणि तसं झालं की इल्लीगल, असं ठणकावून शिकवलंय आणि क्विझमध्येही तेच उत्तर बरोबर धरतात. अहो, पुरुषांच्या खेळात लीप आधीपासून चालत होतीच, आणि गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या कॉलेजच्या नियमात आणि त्यानंतर हायस्कूलच्या नियमातही मुलींना दोन्ही पाय जमिनीवरून सुटले तरी चालतं असं झालं, अट एवढीच की परत पाय रोवून नव्याने ढकलायचं नाही. म्हणजे लीप आणि क्रो हॉप यांच्यातला फरक आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय आणि हे लोक तिथेच दोघांना एका पोत्यात भरतात. नवा अंपायर हा कोर्स करून मैदानात गेला तर लीगल पिचरला धडाधड इल्लीगल देईल आणि कोच त्याला सोलून काढेल, आणि चूक कोचची नसेल. मी सपोर्टला लिहिलं तर "फीडबॅकबद्दल आभार, टीमकडे पाठवलंय" असं छापील उत्तर आलं आणि क्विझ अजून तशीच आहे.

हातांचा भाग ठीकठाक. सिग्नल घेताना हात वेगळे, मग एकत्र आणून किमान एक सेकंद थांबणं, विंडमिल म्हणजे हाताचं गोल फिरणं दीड फेऱ्यांच्या वर नको, बॉल सुटल्यावर हात परत गोल फिरवायचा नाही, पुढचा पाय पिचिंग प्लेटच्या २४ इंच रुंदीच्या आत पडला पाहिजे, हे सगळं आहे. सुरुवातीला प्लेटवर एक पाय हवा की दोन्ही, हे नियमावलीगणिक बदलतं हेही स्पष्ट सांगितलंय, तेवढं बरं केलं. फक्त डावखुऱ्या पिचरची एकही क्लिप नाही. बेस अंपायर फर्स्ट बेसच्या बाजूला उभा असतो तेव्हा उजव्या आणि डाव्या पिचरचा पिव्होट फूट त्याला सारखा दिसत नाही, एकीचा उघडा दिसतो तर दुसरीचा पुढच्या पायाआड जातो, आणि खरी पंचाईत तिथेच होते ना!

पेनल्टीचं ॲनिमेशन मला आवडलं. इल्लीगल दिसलं की डावा हात बाजूला आडवा, मूठ बंद, पण खेळ थांबवायचा नाही, डिलेड डेड बॉल, म्हणजे निर्णय प्ले संपल्यावर. बॅटरने मारलं आणि ती फर्स्टला पोचली आणि बाकी सगळ्या रनर्स किमान एक एक बेस पुढे गेल्या तर विषय संपला, पिच इल्लीगल होती हे विसरून जायचं. तसं झालं नाही तर बॅटिंगवाल्या कोचला विचारायचं, झालेला प्ले घेता की पेनल्टी. पेनल्टीत बॅटरला बॉल मिळतो, म्हणजे स्ट्राइक-बॉलच्या मोजणीतला बॉल. पूर्वी रनर्सनाही फुकटचा एक बेस मिळायचा, तो काही नियमावल्यांनी काढून टाकलाय, आणि इथे कोर्सवाल्यांनी "तुमच्या लीगची नियमावली बघा" असं लिहिलंय. हेच शहाणपण लीपच्या भागात दाखवलं असतं तर!

आता ज्यासाठी मी हा कोर्स घेतला तो भाग, म्हणजे अंमलबजावणी. नियम तर पुस्तकातही आहेत, प्रश्न असा असतो की दिसतंय तरी कुणी कॉल करत नाही. प्लेट अंपायर (कॅचरच्या मागचा) म्हणतो मी बॉल बघू का पाय, आणि त्याचं खरंच आहे, ताशी ६० मैलांचा बॉल साधारण ०.४ सेकंदात होम प्लेटवर येतो, तेवढ्यात मागचा पाय आणि स्ट्राइक झोन दोन्ही सांभाळणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. बेस अंपायर म्हणतो मुख्य तो आहे, मी कशाला नाक खुपसू. असं दोघं एकमेकांकडे बघत मूग गिळून बसतात, पाचव्या इनिंगपर्यंत सगळं चालून जातं आणि मग थर्डवर रनर असताना अचानक कुणाच्या तरी अंगात येतं. तेव्हा पिचरच्या कोचने विचारलं की "मग आत्तापर्यंत काय करत होतात?" तर त्यावर उत्तर काय द्यायचं?

यावर कोर्समध्ये काय आहे? एक स्लाइड. "सातत्य राखा, आत्मविश्वासाने कॉल करा." बस. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं. पहिल्या इनिंगमधे पहिली दिसली की तिथेच घ्यायची का, वॉर्मअपच्या पिचमध्येच पाय बघून ठेवायचा का, कॅचरच्या कानात हळूच "तिचा पाय बघ जरा" असं म्हणायचं की नाही, मॅचच्या आधी दोन अंपायरांनी पाय कुणाचे आणि हात कुणाचे हे वाटून घ्यायचं का, यावर चकार शब्द नाही. कॅचरला सांगण्याबद्दल अंपायरांमध्येच दोन तट आहेत. एक गट म्हणतो नियमात वॉर्निंग नावाची भानगडच नाही, दिसली की कॉल. दुसरा म्हणतो लहान मुलींच्या मॅचमध्ये तसं केलं तर बॉल देता देता संध्याकाळ होईल. माझं मत विचाराल तर वॉर्मअपमध्ये कोचला एकदा सांगावं आणि पहिल्या खऱ्या पिचपासून कडक राहावं, पण निदान हा वाद आहे एवढं तरी कोर्सने मांडायला पाहिजे होतं. आणि ते कोच, ज्यांना समोरच्या पिचरचा क्रो हॉप फक्त आपली बॅटर स्ट्राइकआऊट झाल्यावरच दिसतो, त्यांना कसं आवरायचं यावर तर एक अख्खा भाग करता आला असता.

अजून एक, सगळ्या क्लिप दोन किंवा तीन अंपायरांच्या मॅचच्या आहेत. खालच्या लेव्हलला कितीतरी मॅच एकटा अंपायर काढतो, कॅचरच्या मागून. तिथून हात एकत्र थांबले की नाही आणि पाऊल २४ इंचाच्या बाहेर पडलं का हे छान दिसतं, पण पाय परत रोवला का हे बाजूने दिसतं तसं समोरून दिसत नाही. एकट्याने काय सोडायचं आणि काय धरायचं हे कुणीतरी शिकवायला हवं, ते इथे मिळणार नाही.

ॲप चांगलं चालतं, व्हिडिओ डाउनलोड होतात, स्वतःचा स्लो मोशन व्हिडिओ टाकून त्यावर रेघा मारता येतात, हे पिचिंग कोचला फार उपयोगी पडेल. क्विझमध्ये मागे जाता येत नाही आणि सर्टिफिकेटवर माझं आडनाव दोन वेळा चुकवलं, तिसऱ्यांदा मी नाद सोडला.

तर पिचिंग कोच असाल किंवा मुलीला विंडमिल शिकवणारे पालक असाल तर बिनधास्त घ्या, फूटवर्कच्या भागातच पैसे वसूल आहेत. नवीन अंपायर असाल तर फूटवर्क आणि पेनल्टी बघा, लीपचा भाग सरळ सोडा आणि त्याऐवजी चालू वर्षाची नियमावली उघडा. जुने अंपायर असाल तर मातीवाला तो छोटा भाग डेमोमध्ये फुकट आहे, तेवढा बघितला तरी चालेल.