पेटीतला संच की सुटे पाने? घरी गाडीचे काम करणाऱ्यांसाठी

इंजिन ऑइल बदलणे, ब्रेक पॅड पाहणे, प्लग काढून साफ करणे, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर काढणे, एखादा होज किंवा सेन्सर बदलणे एवढी कामे जो स्वतःच्या अंगणात करू इच्छितो, त्याच्यासमोर हत्यारे घेताना अखेरीस दोनच मार्ग उरतात. नावाजलेल्या कंपनीची शंभराच्या आसपास नगांची प्लॅस्टिकची पेटी एकरकमी घ्यावी, किंवा म्हापसा, फोंडा, मडगाव यांपैकी जवळच्या बाजारातील हार्डवेअरच्या दुकानात जाऊन लागतील तेवढेच पाने, गोट्या (बोल्टच्या डोक्यावर बसणारे सॉकेट) आणि हँडल सुटे निवडावेत. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी ४६ नगांची बिननावाची पेटी मी या तुलनेत धरलेली नाही. सायकल आणि घरातील खुर्च्या-टेबले यांसाठी ती पुरते. परंतु गाडीखाली आडवे होऊन चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) बोल्ट सोडवताना त्या पेटीतील रॅचेटवर, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणाऱ्या दातेरी हँडलवर, भरवसा ठेवणे मला तरी धोक्याचे वाटते. उरलेले दोन्ही मार्ग मी वापरलेले आहेत, त्यामुळे पुढील मत निःपक्षपाती आहे असा माझा दावा नाही.

पोलादाच्या बाबतीत या दोहोंत डावे-उजवे करावे असे मला फारसे आढळले नाही. क्रोम व्हॅनेडियम पोलाद आता दोन्हीकडे असते. नाशिकची टपारिया असो वा जालंधर-लुधियानाकडील कारखाने असोत, तेथील पाने परदेशांतही जातात आणि आपल्याकडच्या गॅरेजांत वर्षानुवर्षे टिकलेले दिसतात. स्टॅनले किंवा बॉश यांच्या नावाच्या पेट्याही हातात घेतल्यावर दणकट वाटतात आणि पॉलिशच्या बाबतीत थोड्या उजव्याच ठरतात. घरगुती वापरात या दर्जाचा पाना मोडणे ही घटना इतकी दुर्मीळ आहे की तिच्यावर निवड आधारण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा हत्यार शाबूत राहते आणि बोल्ट जातो.

बोल्ट जाण्याचा हा प्रश्न गोव्यात जरा अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि त्यात किनाऱ्यावरील खारा वारा, यांमुळे मोरजी-हरमलच्या बाजूला उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि डिचोली-वाळपईकडे घराच्या पडवीत उभी राहणारी गाडी यांचे खालचे अंग पाहिले तर ती एकाच वर्षी विकत घेतलेली आहेत यावर विश्वास बसणार नाही. गंजाने बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजलेले असतात, मूळचे माप अर्ध्या मिलिमीटरने कमी झालेले असते, आणि अशा डोक्यावर बारा कोनी गोटी लावून जोर दिला की ती उरलेले कोपरेही खरवडून घेते. सहा कोनी गोटी बोल्टला कोपऱ्यांवर न धरता सपाट बाजूंवर धरते, म्हणून ती अशा ठिकाणी निसटत नाही. येथे मान्य केले पाहिजे की चांगल्या पेटीत सहा कोनी गोट्या सहसा आपोआप मिळतात, तर दुकानात नुसती ‘गोटी द्या’ म्हटले की बारा कोनीच पुढे येण्याचा संभव अधिक. सुटे घेणाऱ्याने ‘सहा कोनी’ असे स्पष्ट सांगावे आणि गोटीच्या तोंडात पाहूनच पैसे द्यावेत. उघड्या तोंडाचा पाना तर गंजलेल्या बोल्टवर प्रथम कधीही लावू नये. आधी गंज सोडवणारा फवारा मारून थोडा वेळ थांबावे, मग रिंग पाना (बोल्टचे डोके सगळीकडून वेढणारा) किंवा गोटी लावावी.

पेटीचा दुसरा मोठा गुण म्हणजे तिच्यातील रॅचेट. बाजारात सुटे मिळणारे रॅचेट बहुधा चार सुती (गोटी बसते तो चौकोन अर्ध्या इंचाचा; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असतात, दणकट असतात, पण त्यांचे दाते मोठे. चोवीस दात्यांच्या रॅचेटला पुढील दाता पकडण्यासाठी १५ अंश फिरावे लागते, तर बऱ्या पेटीतील ७२ दात्यांच्या रॅचेटला ५ अंश पुरतात. बॉनेटच्या आत, एअर फिल्टरच्या डब्याखाली, जेथे हँडल जेमतेम बोटभर हलते, तेथे हा फरक कोणत्याही तक्त्याशिवाय मनगटाला कळतो. शिवाय तीन सुती रॅचेट, जो छोट्या गाड्यांच्या कामाला सर्वांत सोयीचा, तो पेटीत मिळू शकतो आणि दुकानात मात्र पुष्कळदा मागवावा लागतो. एवढ्यावरच निकाल द्यायचा असता तर मी पेटीच्या बाजूने दिला असता.

मापांचा हिशेब केला की पारडे हळूहळू दुसरीकडे झुकू लागते. मारुती, टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांच्या गाड्यांवर जपानी प्रघात दिसतो. तेथे ८ मिलिमीटर आट्याच्या बोल्टचे डोके १२ चे असते आणि १० मिलिमीटरच्या बोल्टचे १४ चे. युरोपीय प्रघातात तोच ८ मिलिमीटरचा बोल्ट १३ चे डोके घेऊन येतो आणि १० मिलिमीटरचा १६ किंवा १७ चे. म्हणून जुन्या मारुतीच्या मालकाला ८, १०, १२, १४, १७ आणि १९ एवढ्या मापांत गाडीचे बहुतेक अंग उलगडता येते, तर टाटा, महिंद्रा, फोक्सवॅगन किंवा स्कोडा असणाऱ्याला १३ शिवाय पान हलत नाही. पेटीत ही सगळीच मापे असतात, आणि त्यांच्या जोडीला ११, १५, २०, २३ यांसारखी अशीही असतात जी माझ्या हातात तरी कधी आली नाहीत. नगांची संख्या शंभरावर नेण्याचे काम मुख्यतः स्क्रू ड्रायव्हरचे छोटे बिट करतात. ते प्रत्येकी एक नग म्हणून मोजले जातात. सुटे घेणारा मनुष्य आपल्या गाडीची मापे ठाऊक करून घेतो आणि वाचलेल्या पैशांत त्याच मापाचे रिंग पाने व खोल गोट्याही घेऊ शकतो. पेटीत बहुधा रिंग पाने नसतात किंवा अगदी मोजके असतात, ही गोष्ट जाहिरातीतील छायाचित्र पाहताना ध्यानात येत नाही.

तरीही हे सगळे तोलून पाहिले तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या भरतात, आणि कोणी पेटी घेतली म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. माझा निर्णय झाला तो हत्यारांमुळे नव्हे, ज्यात ती ठेवायची त्या पेटीमुळे झाला. ही तक्रार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून थोडी विस्ताराने मांडतो.

अशा पेटीत प्रत्येक गोटीसाठी तिच्याच आकाराचा साचा असतो. दुकानात हे फार देखणे दिसते. पावसाळ्यात पोर्चमध्ये काम करताना हात ओले, बोल्ट ओले, गोटीच्या आतील चौकोनी भोकात पाण्याचा थेंब अडकलेला. कितीही पुसले तरी आतून ती पूर्ण कोरडी होत नाही. ती साच्यात दाबून बसवली की थेंब तिच्या तळाशी राहतो आणि भोवती हवा खेळायला जागाच नसते. वरून झाकण लागते, पेटी पुन्हा डिकीत किंवा जिन्याखाली जाते, आणि जूनमध्ये बंद केलेली पेटी चवथीच्या आधी उघडली तर गोट्यांच्या तोंडाशी, जेथे वापराने मुलामा पातळ झालेला असतो, तेथे तांबूस कडी उमटलेली दिसते. दमट नसलेल्या गावात हाच साचा निरुपद्रवी असेल. आपल्याकडे तो पाणी राखून ठेवतो.

गंज पुसता येतो, हेही खरे. परंतु साच्याचा त्रास गंजापाशी थांबत नाही. एखादी गोटी आपल्या जागी नीट बसली नसेल तर झाकण मिटत नाही, आणि कोणती गोटी चुकली आहे हे शोधण्यासाठी साच्यातील मापे वाचावी लागतात, जी काळ्या प्लॅस्टिकवर काळ्याच अक्षरांत उठवलेली असतात. संध्याकाळच्या उजेडात, हाताला ग्रीस असताना, पाठ आधीच दुखत असताना १२ आणि १३ यांतील फरक शोधणे हे काम संपल्यानंतरचे वेगळेच काम होऊन बसते. एक्स्टेन्शनचा दांडा त्याच्या खोबणीतून काढायला स्क्रू ड्रायव्हरची टोके घालावी लागतात. पेटीच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसत असल्याने ती उलटी उघडली गेली की सगळ्या गोट्या अंगणभर होतात. आणि उन्हात तापणाऱ्या डिकीत राहून प्लॅस्टिकची खिटी एकदा तुटली की ही वेळ पुन्हापुन्हा येते. परिणाम असा होतो की मनुष्य पेटी उघडीच ठेवू लागतो, मग हत्यारे तिच्याबाहेर राहू लागतात, आणि त्यानंतर ती हरवू लागतात. पोलाद कितीही उत्तम असले तरी जे हत्यार जागेवर नाही ते टिकाऊ कसे म्हणावे?

यावर असे म्हणता येईल की पेटी टाकून द्यावी आणि आतील हत्यारे दुसरीकडे ठेवावीत. अवश्य ठेवावीत. फक्त मग पेटीचे, न लागणाऱ्या मापांचे आणि त्या सगळ्या बिटांचे पैसे कशासाठी दिले, हा प्रश्न उरतो.

सुट्या हत्यारांना घर आपण देतो, म्हणून ते आपल्या हवेला सोसेल असे देता येते. माझे पाने जाड कॅनव्हासच्या गुंडाळीत असतात; स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्या कारागिराकडून ती मापांच्या क्रमाने खिसे घालून शिवून घेतली आणि तिची शिलाई अजून कोठे उसवलेली नाही. गोट्या पत्र्याच्या पट्टीवर क्लिपांत उभ्या राहतात, चारी बाजूंनी हवा लागते, आणि काम झाल्यावर इंजिन ऑइल लावलेल्या चिंधीने सगळ्यांवरून एक हात फिरवला की पुढच्या वेळेपर्यंत चिंता नसते. घरात सहज हाताशी असते म्हणून काही जण खोबरेल तेल लावतात. ते काही महिन्यांत चिकट होते आणि रॅचेटमध्ये गेले तर दाते अडखळू लागतात, म्हणून ते टाळावे.

एखादा नग बदलण्याची सोय हाही एक मुद्दा आहे, मात्र तो सर्वांना परिचित असल्याने दोन वाक्यांत आटोपतो. सुटी गोटी हरवली तर बाजारात जाऊन तीच गोटी घेता येते. पेटीतील हरवली तर तशीच मिळेल याची शाश्वती नसते आणि दुसऱ्या बनावटीची आणली तर ती साच्यात बसत नाही. आजीव हमीचे म्हणाल तर ती कागदावर दोन्हीकडे आढळते, पण बिल जपून ठेवून कुरिअरने हत्यार पाठवण्यापेक्षा ओळखीच्या दुकानदाराच्या टेबलावर ते ठेवणे मला सोपे वाटते. दुकानदार कसा आहे यावर हे अवलंबून आहे, हे उघड आहे.

किमतीबद्दल आकडे देण्यात हशील नाही, कारण ते दर हंगामाला बदलतात. माझा अनुभव एवढाच सांगतो की वर दिलेल्या सहा मापांचे रिंग आणि उघडे पाने, त्याच मापांच्या सहा कोनी गोट्या, रॅचेट, दोन लांबीची एक्स्टेन्शने, सरकता टी दांडा (गोटीत बसणारे, दाते नसलेले टी आकाराचे हँडल), पक्कड आणि दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर एवढे मिळून बऱ्या पेटीच्या किमतीच्या आतच बसले, आणि हा खर्च एका दिवशी करावा लागला नाही. टी दांडा वगळू नये. घट्ट बोल्ट प्रथम त्यानेच हलवावा आणि सैल झाल्यावर रॅचेट लावावा. रॅचेटला पाइप जोडून जोर देण्याची आपल्याकडची पद्धत त्याच्या दात्यांचे आयुष्य निम्म्यावर आणते असे मला वाटते.

ज्यांच्याकडे फोक्सवॅगन किंवा स्कोडा आहे त्यांच्यासाठी मात्र मी थोडे वेगळे सांगेन. या गाड्यांवर तारेच्या आकाराचे टॉर्क्स बोल्ट इतके ठिकठिकाणी असतात की पेटीतील ते बिट, ज्यांना मी वर नावे ठेवली, खरोखर उपयोगी पडतात, आणि तेच सुटे गोळा करणे महाग पडू शकते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, वर्षा-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या मनुष्यालाही एकच उचलण्याजोगी पेटी सोयीची वाटेल. अशांनी ती घ्यावी, पण पावसाळ्यात गोट्या साच्यात परत ठेवण्यापूर्वी रात्रभर वर्तमानपत्रावर उपड्या पसरून ठेवाव्यात.

बाकी कोणी मला विचारले तर मी प्रथम १०, १२ आणि १४ च्या सहा कोनी गोट्या, टी दांडा आणि त्याच मापांचे रिंग पाने घ्यायला सांगेन, टाटा किंवा महिंद्रा असल्यास १२ च्या जागी १३. चाकाच्या नटांसाठी गाडीबरोबर आलेल्या पान्यावर न विसंबता लांब हँडल आणि योग्य मापाची गोटी घ्यावी. ब्रेकच्या पाइपला हात घालायचा असेल तर त्या नटासाठी खाच असलेला फ्लेअर पाना वेगळा आणावा, कारण तो माझ्या पाहण्यातल्या कोणत्याच पेटीत नव्हता. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळण्याचा पाना) दोन्ही मार्गांनी जाणाऱ्याला स्वतंत्रच घ्यावा लागतो. तो मागाहून घेतला तरी चालेल, मात्र ॲल्युमिनियमच्या इंजिनातील प्लग स्वतः बसवायला लागण्यापूर्वी तो घरात असलेला बरा.