आफ्रिकानेर पूर्वजाचा माग: आधी डेथ नोटिस की बाप्तिस्म्याची वही?

घरात आफ्रिकानेर (दक्षिण आफ्रिकेतले, मुख्यतः डच वंशाचे गोरे) सून किंवा जावई आला आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ मांडायला घेतली, की आपली बाजू कुलवृत्तांतावर नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीवर निभावते. पलीकडच्या बाजूला कागद भरपूर असतात, पण ते विखुरलेले. एकोणिसाव्या शतकातला एखादा पणजा-खापरपणजा शोधायचा तर हात आधी कशाला घालायचा, एवढाच प्रश्न इथे घेतो.

केपमधल्या, म्हणजे केप टाउनभोवतीच्या जुन्या वसाहतीतल्या घराण्यांचं सतराव्या-अठराव्या शतकातलं काम बरंचसं होऊन गेलेलं आहे. क्रिस्टोफेल डी व्हिलियर्स यांचे (आडनाव क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचं) घराण्यांचे खंड १८९३-९४ मध्ये निघाले आणि १९६६ मध्ये कॉर पामा यांनी त्यांची सुधारलेली आवृत्ती काढली. त्यात मूळ पुरुष ‘ए’, त्याची मुलं ‘बी’, नातवंडं ‘सी’, असे क्रमांक असतात. ‘बी३सी२डी५’ म्हणजे मूळ पुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या अपत्याचं पाचवं अपत्य. पण त्यातल्या बहुतेक शाखा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत थांबतात. घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण विसाव्या शतकाच्या अलीकडची. मधली साठ-सत्तर वर्षं आपल्याला जोडायची असतात. केप वसाहतीत जन्ममृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली ती १८९५ पासून, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी भिस्त मुख्यतः दोन कागदांवर: इस्टेटीच्या फाइलमधली डेथ नोटिस आणि चर्चची बाप्तिस्म्याची वही.

माझं मत सरळ आहे. आधी डेथ नोटिस.

१८३४ मध्ये केपचं जुनं अनाथ-मंडळ गेलं आणि मयतांच्या मालमत्तेचं काम सुप्रीम कोर्टाच्या ‘मास्टर’ या अधिकाऱ्याकडे आलं. तेव्हापासून माणूस गेला की एक छापील अर्ज भरला जाई: नाव, जन्मस्थान, आईवडिलांची नावं, वय, नवरा किंवा बायको, मुलांची नावं, कुठे वारला. एकाच कागदावर तीन पिढ्या. बायकांची नावं माहेरच्या आडनावाने लिहिलेली असतात, हे तर वंशावळ लिहिणाऱ्याला मिळालेलं वरदानच. केपच्या फाइली केप टाउनला, ट्रान्सवालच्या प्रिटोरियाला, ऑरेंज फ्री स्टेटच्या ब्लूमफाँटेनला आणि नाताळच्या पीटरमारित्झबर्गला आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ऑनलाइन फुकट शोधता येते, पण ती फक्त सूची आहे. कागद बघायला तिथे जावं लागतं, किंवा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्याची प्रत चढली आहे का ते पाहावं लागतं.

या कागदाचा दोष असा, की माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नसते. मुलगा, जावई, कधी नुसता शेजारी सही करतो. मुलांची नावं बहुतेक बरोबर असतात. सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्या टोकाला जन्मलेल्या सासऱ्याच्या आईचं नाव मात्र जावयाला माहीत असेलच असं नाही. जन्मस्थानाच्या रकान्यात कित्येकदा नुसतं ‘केप वसाहत’ एवढंच येतं. शिवाय ज्याच्या मागे काही उरलं नाही, त्याची फाइल झालीच नसेल.

बाप्तिस्म्याची वही याच्या बरोबर उलटी. नोंद घटनेच्या वेळची, आईबाप समोर उभे, साक्षीदारांची नावं सोबत. एकोणिसाव्या शतकात जन्मतारीखही बहुधा लिहिलेली असते, आणि तीच धरावी, कारण दूरच्या शेतावरचं कुटुंब बाळाला घेऊन चर्चला पोचायचं ते तीन-तीन महिन्यांनी भरणाऱ्या प्रभुभोजनाच्या वेळी. डच रिफॉर्म्ड चर्चचं अभिलेखागार स्टेलनबोशला आहे. वह्यांच्या पुष्कळशा प्रती फॅमिलीसर्चवर आहेत, तर केपमधल्या जुन्या चर्च-मंडळींच्या नोंदी उतरवून काढण्याचं काम ई-जीजीएसए या वंशावळ संस्थेने केलं आहे. भाषा डच, अक्षर वळणदार. पण साचा ठरलेला असल्यामुळे थोड्या सरावाने वाचता येतं.

मग वहीपासूनच सुरुवात का करू नये? कारण नावं. थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा स्वतः वडिलांच्या; मुलींमध्ये थोरली आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. आजोबाचं नाव नातवाला ही रीत आपल्याला नवी नाही, पण इथे तिचा परिणाम बघा. आजोबा योहानेस याकोबस, त्याला सहा मुलगे. प्रत्येकाने थोरल्याचं नाव योहानेस याकोबस ठेवलं की एकाच तालुक्यात, पंधरा-वीस वर्षांच्या आत, आडनावासकट एकाच नावाचे सहा चुलतभाऊ. नुसत्या नावावरून वहीत शिरलात तर यातला आपला कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ऑनलाइन आयत्या मिळणाऱ्या वंशवृक्षांत हे चुलतभाऊ सर्रास एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून त्या वृक्षांना मी सुगाव्यापेक्षा जास्त किंमत देत नाही. डेथ नोटिस हातात असली की बायकोचं माहेरचं नाव आणि मुलांचा क्रम मिळतो. मग वहीत त्या जोडप्याच्या मुलांच्या नोंदी शोधायच्या, साक्षीदारांत आजी-आजोबा सापडतात का पाहायचं, आणि तिथून एक पिढी मागे जायचं.

पूर्वज १८३० च्या दशकात ग्रेट ट्रेकबरोबर (केपमधल्या आफ्रिकानेर शेतकऱ्यांच्या मोठ्या स्थलांतराबरोबर) उत्तरेला गेलेला असेल तर वहीचं पारडं आणखी हलकं होतं. ट्रान्सवालमधली पहिली चर्च-मंडळी पोचेफस्ट्रूमला १८४२ मध्ये स्थापन झाली. पुढे १८५३ मध्ये हेर्फॉर्म्ड चर्च आणि १८५९ मध्ये रस्टनबर्गला खेरेफॉर्मीर्ड चर्च वेगळं झालं. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या चर्चच्या वह्यांत सापडू शकतात. उलट पूर्वज पार्ल किंवा स्टेलनबोशसारख्या जुन्या गावातून हललाच नसेल आणि पत्नीचं नाव आधीच ठाऊक असेल, तर खुशाल वहीपासून सुरुवात करा, वेळ वाचेल.

१८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाच्या (ब्रिटिश विरुद्ध बोअर, म्हणजे आफ्रिकानेर) काळात जिवंत असलेल्यांसाठी तिसरी वाट आहे, आणि ती बरेच जण विसरतात. ब्रिटिशांनी छळछावण्यांत ठेवलेल्या बायकामुलांच्या नोंदींचा कोश केप टाउन विद्यापीठाने ऑनलाइन ठेवला आहे. त्यात शेताचं आणि जिल्ह्याचं नाव मिळू शकतं. युद्धकैद्यांना सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठवलं होतं. हिंदुस्थानातली एक छावणी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला होती. ब्लूमफाँटेनच्या युद्धसंग्रहालयाकडे कैद्यांच्या याद्या आहेत. १८७०-८० च्या सुमारास जन्मलेला पुरुष असेल तर हे जरूर तपासा.

डीएनए चाचणीबद्दल लोक फार आशेने विचारतात. आफ्रिकानेर समाज थोड्या घराण्यांतून वाढला, आपसांत लग्नं पिढ्यान्‌पिढ्या झाली, त्यामुळे जुळणारे नातेवाईक असतात त्यापेक्षा जवळचे भासतात. एकाच नावाच्या सहा चुलतभावांतला आपला कोणता, हे अशा चाचणीने ठरणं कठीणच. अहवालात थोडा दक्षिण आशियाई अंश निघाला तर मात्र दचकू नका. अँजेला व्हान बेंगाले ही बंगालहून केपला आणलेली गुलाम स्त्री १६६६ मध्ये मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने आर्नोल्डस बासॉनशी लग्न केलं आणि आज कित्येक आफ्रिकानेर घराणी तिच्यापर्यंत पोचतात. त्यावरून जावयाचं मूळ कोकणात शोधायला निघू नये, इतकंच.

पैसे देऊन तिथला संशोधक लावायचा झाला तर त्याला ‘आमचा पूर्वज शोधा’ असं सांगू नका. सूचीतला फाइल क्रमांक, मृत्यूचा अंदाजे काळ, जिल्हा आणि पत्नीचं माहेरचं आडनाव एवढं हातात ठेवून फक्त त्या फाइलीची प्रत मागवा. बाकीचं घरी बसून होतं.