दारावरची खळ दिसली होती, तरी सहा लाख सत्तर हजार गेले

नाशिकमध्ये मी बावीस वर्षं रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. 2018 पासून त्याला जोडधंदा धरला. कर्जात किंवा भाऊबंदकीत अडकलेलं, बंद पडलेलं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं. पहिल्या दोन घरांत चार पैसे सुटले. तिसऱ्या घरात, 2023 साली, सहा लाख सत्तर हजार रुपये गेले. त्यातले दोन लाख पंचाण्णव हजार बायकोच्या दागिन्यांवर सोनेतारण करून उचललेले होते आणि त्याचं व्याज अजून भरतोय. "नोटीस लागलेलं घर आहे, लिलावाआधी घ्या, दहा लाख कमी" असे मेसेज हल्ली रोज कुणाला ना कुणाला येतात. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

एजंट ओळखीचा होता. माझं दुसरं घर त्यानेच दाखवलं होतं आणि तो व्यवहार अगदी सरळ झाला होता. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "दादा, पाथर्डी फाट्याकडे रो हाऊस आहे. मालकाची नोकरी गेली, हप्ते थकले. बँक 21 लाख 60 हजारांत सेटल करायला तयार आहे. मालकाच्या हातात आठ ठेवा, साडेएकोणतीसच्या आसपास घर तुमचं." त्या गल्लीतली तशी घरं तेव्हा चाळीसच्या आसपास जात होती.

घर बघायला गेलो. घर बघायचं तर मला चांगलं कळतं. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीने येणारा पांढरा क्षार, लागला होता. बोटाच्या पेराने प्लास्टर ठोकत गेलो, दोन ठिकाणी पोकळ वाजलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली भेग होती, तिचीच ओल खालच्या खोलीत उतरत होती. पाया आणि कॉलम ठणठणीत. दोन लाख ऐंशी हजारांत घर उभं राहील असा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला, आणि तो हिशेब आजही बरोबर आहे.

निघताना दार ओढून घेतलं तेव्हा हाताला खरखर लागली. सागवानी दारावर, डोळ्यांच्या उंचीला, वहीच्या पानाएवढा चौकोन होता. वाळलेली खळ, तिला चिकटलेले कागदाचे पांढरे तुकडे आणि कुणीतरी चमच्याने किंवा नखाने खरवडल्याचे ओरखडे. माझ्या मनात आलं ते एवढंच, की इथे ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर मारून मग सीलर द्यावा लागेल. बँकेने लावलेली ताबा नोटीस तिथून खरवडून काढली होती. त्या नोटिशीत ठरलेला मजकूर असतो: या मालमत्तेशी कुणी व्यवहार करू नये, केल्यास तो बँकेच्या बोजाच्या अधीन राहील. ती दारावर चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतातही, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मी त्या वेळची जुनी वर्तमानपत्रं चाळली असती तर ती मला सापडली असती.

मालक बोलला फार कमी. वहिनींनी चहा दिला आणि "बँकेचं खरंच मिटेल ना हो?" असं मलाच विचारलं. मी म्हणालो, मिटेल.

शंभर रुपयांच्या बाँडवर विसार पावती झाली, खाली नोटरीचा शिक्का. मालकाला एक लाख दिले, पन्नास हजार चेकने आणि पन्नास हजार एजंटच्या हातून रोख. एजंटची दलाली तीस हजार. नोंदणी कार्यालयात न नोंदवलेल्या त्या पावतीच्या जोरावर घर माझं होणार नव्हतं, हे मला माहीत होतं. पण बँकेचं पत्र येतंय म्हटल्यावर मी निश्चिंत झालो.

पत्र आलं. सहकारी बँकेचं लेटरहेड, गोल शिक्का, शाखाधिकाऱ्याची सही. एकरकमी परतफेड योजनेखाली 21 लाख 60 हजार मंजूर, पैकी 25 टक्के म्हणजे 5 लाख 40 हजार दहा दिवसांत खालील खात्यात भरावेत, अन्यथा मंजुरी रद्द. खात्याच्या नावापुढे बँकेचंच नाव आणि "कर्जवसुली खाते" असं लिहिलेलं. आयएफएससीची पहिली चार अक्षरं मात्र दुसऱ्याच एका मोठ्या बँकेची होती. हे माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलंही. एजंट म्हणाला, "छोट्या सहकारी बँका मोठ्या बँकेच्या कोडवरच चालतात, दादा." हे काही बँकांच्या बाबतीत खरं असतं. खोटं पचावं म्हणून त्यात मिसळलेलं एवढं एक खरं मला पुरलं.

मी माझ्या बँकेत जाऊन आरटीजीएस केलं. फॉर्मवर लाभार्थी म्हणून कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव लिहिलं. पैसे गेले ते एका व्यापारी फर्मच्या चालू खात्यात. कारण तेव्हा आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये रक्कम जमा होत होती ती फक्त खाते क्रमांकावर. नाव जुळतं का, हे कुणी बघत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने एप्रिल 2025 पर्यंत पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना करायची होती. ती सोय आता वापरा. नाव वेगळं आलं तर रक्कम पाठवू नका, समोरचा कितीही घाई करू दे.

पुढचे तीन महिने तारखा मिळाल्या. साहेबांची बदली झाली, मग ऑडिट चालू आहे, मग दिवाळी. नोव्हेंबरमध्ये सकाळी पेपर उघडला तर विक्री नोटिशीत तेच घर, तोच प्लॉट नंबर, राखीव किंमत आणि ई-लिलावाची तारीख.

त्याच दिवशी बँकेत गेलो. तिथल्या प्राधिकृत अधिकाऱ्यांनी माझं पत्र हातात घेतलं आणि त्यांच्या फाइलमधलं एक खरं पत्र शेजारी ठेवलं. खऱ्यावर जावक क्रमांक होता, माझ्यावर नव्हता. शिक्क्यात शाखेच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. कर्जदाराने सेटलमेंटचा अर्जच केलेला नव्हता. मग त्यांनी सांगितलं ते आधी कळलं असतं तर मी विसार दिलाच नसता: थकलेल्या कर्जापोटी तारण घर बँकेला ताब्यात घेऊन विकता येतं, त्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची साठ दिवसांची नोटीस कर्जदाराला मिळाली, की कलम 13(13) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय तो ते घर विकू शकत नाही. नोटीस मालकाला जानेवारीतच मिळाली होती. "काका, तुम्ही पैसे भरायच्या आधी एकदा इथे आला असता तर पाच मिनिटांत सांगितलं असतं," ते म्हणाले. पाथर्डी फाट्यावरून ती शाखा स्कूटरवर वीस मिनिटं आहे.

मालकाकडे गेलो तर तिथे इगतपुरीचं एक जोडपं आधीच बसलं होतं, त्यांच्याही हातात विसार पावती. आणखी एक जण नंतर कळला. मालकाचं म्हणणं, एजंटने सह्या घेतल्या आणि पैसे "बँकेत भरायला" म्हणून परत नेले, हातात ऐंशी हजार राहिले. त्याला किती माहीत होतं हे कोर्ट ठरवेल. वहिनी मात्र आमच्यासमोर यायला तयार नव्हत्या, आणि त्यांचा तो चहाच्या वेळचा प्रश्न मला खरा वाटतो.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "पैसे पाठवून किती दिवस झाले?" त्या फर्मच्या खात्यातून रक्कम दुसऱ्याच दिवशी निघाली होती. संशय आल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि आपल्या बँकेत लेखी तक्रार केली तर पुढच्या खात्यात रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. तीन महिन्यांनी थांबवण्यासारखं काही उरत नाही. फसवणूक आणि बनावट कागदपत्रांचा गुन्हा दाखल झाला, एजंट जामिनावर आहे.

आता कुणाचं घर बघायचं तर मी भिंतीआधी कागद बघतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढतो. महाराष्ट्रात मूळ कागद गहाण ठेवून कर्ज घेतलं की त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन नोंदवावी लागते, ती तिथे सापडते. शिवाय थोडं शुल्क भरून सरसाईवर, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदणीत, त्याच मालमत्तेवरचा बोजा शोधतो. माझ्या या घरावर बँकेशिवाय एका पतसंस्थेचंही कर्ज होतं आणि तिच्याकडे सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला होता. ते मात्र यातल्या कशात दिसलं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. वसुलीवाले दोनदा येऊन गेले होते, सगळ्या गल्लीला माहीत होतं. म्हणून शेजारी अर्धा तास बसल्याशिवाय मी आता परत फिरत नाही. बँकेशी बोलणं मालकाला सोबत घेऊन, शाखेत, समोरासमोर. लेखी संमती त्यांच्याच टेबलावरून घ्यायची आणि रक्कम बँकेच्या नावाच्या पे ऑर्डरने त्यांच्याच काउंटरवर, कर्जखात्याचा क्रमांक टाकून भरायची.

मग सरळ लिलावातच का घेऊ नये, असं बरेच जण विचारतात. घ्यावं, माझंही मत तेच झालंय. पण विक्री नोटिशीत "प्रतीकात्मक ताबा" लिहिलंय की "प्रत्यक्ष ताबा", हे आधी वाचा. प्रतीकात्मक म्हणजे आत माणसं राहतात आणि त्यांना बाहेर काढायला सरफेसीच्या कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश यायचा आहे. त्यात महिने जातात. विक्री "जसे आहे, जेथे आहे" तत्त्वावर असते, म्हणजे थकलेली घरपट्टी, मेंटेनन्स, वीजबिल हे विचारून घेणं तुमचं काम. आणि बोली लागली की लगेच 25 टक्के भरावे लागतात, उरलेले विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. मुदत वाढवून मिळतेच असं नाही. कर्ज मंजूर व्हायच्या भरवशावर बोली लावली आणि ते झालं नाही तर भरलेली रक्कम जप्त होते.

आम्ही तिघांनी तक्रारी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न ओळखता दिल्या होत्या. आता त्या एकत्र चालू आहेत. 2023 च्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पाथर्डी फाट्याच्या बाजूचं, मागच्या भिंतीला लोणा असलेलं, सागवानी दाराचं रो हाऊस तुम्हालाही कुणी दाखवलं असेल आणि तुमच्याकडेही विसार पावती असेल, तर ती मूळ पावती, बँकेचं म्हणून दिलेलं पत्र आणि पैसे पाठवल्याची स्लिप घेऊन पोलीस ठाण्यात जा. पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही टाकू नका. माझं मी टाकलं, आणि तपास अधिकाऱ्यांनी सगळ्यात आधी तेच मागितलं होतं.