पेन्शनवाला एजंट दारात आला तर आधी हे वाचा

ज्यांच्या घरात कुणी मुंबई-ठाण्याला कंपनीत होतं आणि आता पीएफवाली पेन्शन येते, त्यांनी हे वाचाच. माझ्या मावसबहिणीला यात 22 हजाराला गंडवलंय.

काका चाकरमानी, सगळी नोकरी ठाण्याला कारखान्यात, रिटायर होऊन मालवणजवळ गावी आले. ते गेल्यावर मावशीला ईपीएस 95 ची, म्हणजे पीएफवाल्या पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन लागली, हजार-बाराशे रुपये फक्त. ताई पन्नाशीच्या पुढची, विधवा, माहेरीच असते. मावशी गेली आणि बाराव्याची पानं उठतायत न उठतायत तोच हा इसम दारात, काखेत फायली, बाजारात झेरॉक्सवाल्याकडे बसतो म्हणाला. "ताईनू, काळजी करू नकात, आवशीची पेन्शन आता तुमका गावतली, जन्मभर!"

आणि जीआर म्हणून जो कागद दाखवला तो खोटा नव्हता हो, हीच तर मेख. केंद्र सरकारी नोकरांच्या फॅमिली पेन्शनमध्ये विधवा किंवा घटस्फोटित मुलीला पंचविशीनंतरही पेन्शन मिळू शकते, 2004 पासून. त्यालाही अटी आहेत, उत्पन्न महिना 9000 अधिक महागाई भत्ता याच्या आत हवं, नवरा वारला तेव्हा आईवडलांपैकी एकजण तरी हयात हवं. पण काका सरकारी नोकर होतेच कुठे? ईपीएसमध्ये बायकोला मरेपर्यंत किंवा दुसरं लग्न करेपर्यंत आणि मुलांना 25 वर्षांपर्यंतच, तीही एकावेळी दोघांना, पुढे फक्त कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर. विधवा मुलगी त्यात बसतच नाही.

आता त्याची खरी कला बघा. ताईला म्हणाला, मावशी गेल्याचं बँकेत इतक्यात कळवू नका, फाईल अडकेल. मावशीने हयातीचा दाखला नुकताच दिलेला, तो वर्षभर चालतो, त्यामुळे पैसे तिच्या खात्यात येतच राहिले, एटीएम कार्ड ताईकडे. दर महिन्याला हा फोन करणार, "बघा, चालू झाली की नाय?" आणि मग अ‍ॅफिडेव्हिटचे, मुंबईच्या साहेबाच्या चहापाण्याचे, थकबाकी काढायचे असे टप्प्याटप्प्याने जीपेवर घेत गेला. म्हणजे मेलेल्या आईचीच पेन्शन पोरीला दाखवून पोरीकडून पैसे! निर्लज्जपणाला काही लिमिट? आणि मावशी गेल्यानंतरचे जे काढले ते सगळे ताईला बँकेत परत भरावे लागले ते वेगळंच.

तुम्ही एकच करा, पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद, काढून बघा कुणी दिलाय. पीएफ ऑफिसचा असेल तर वरचा ईपीएसचा नियम, सरकारी खात्याचा असेल तर त्या खात्याचा. ईपीएसची पेन्शन मागायचा 10डी फॉर्म भरायला फी लागत नाही. पेन्शनर गेला की बँकेत आधी मृत्यूदाखला द्या, कुणी काहीही सांगो. ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, आम्ही केला तोवर उशीर झालेला, पोलिसात तक्रार मात्र दिलीय.

झेरॉक्सवाला म्हणतो, तो नुसता झेरॉक्स काढायला यायचा, आमचा कोण नाय. ताईचं आधार आणि पासबुक यांच्या कॉप्या अजून त्या एजंटकडेच आहेत म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलंय. त्याचा फोन बंद आहे, पण कणकवली बाजूला असाच कुणीतरी फिरतोय असं कानावर आलंय, तिकडे कुणाचं नातेवाईक असेल तर आजच सांगा.