गावच्या घरी फ्री डिश की रिचार्जवाली छत्री?

चिपळूणजवळच्या आमच्या घरी आई एकटी असते. तिथे पाच वर्षं खासगी डीटीएच, म्हणजे कंपनीची रिचार्जवाली छत्री होती, गेली दोन वर्षं डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची रिचार्ज न लागणारी छत्री आहे. तुम्हीही गावच्या घरासाठी ठरवत असाल तर आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

रोजच्या मालिका चुकवायच्या नसतील तर खासगीच घ्या. गाजणाऱ्या नव्या मराठी मालिका बहुतेक फ्री डिशवर येत नाहीत. शिवाय तिथल्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात. आईची सिनेमांची एक आवडती वाहिनी अशीच एका एप्रिलमध्ये गेली, तिला फार चुकल्यासारखं झालं. धो धो पावसात चित्र दोन्हीकडे जातं, त्यात डावं-उजवं नाही.

आमचा निर्णय झाला तो रिचार्जमुळे. आईला मोबाइलवरून पैसे भरणं जमत नाही, मी ठाण्याहून भरायचो. एकदा जुलैमध्ये नदीचं पाणी वाढत होतं आणि नेमका त्याच रात्री रिचार्ज संपला. माझ्या लक्षात आलं नाही, तिच्या फोनला रेंज नव्हती. घरात वीज होती, टीव्ही चालू होता, पण सह्याद्रीच्या बातम्यासुद्धा दिसेनात. पडद्यावर फक्त पैसे भरण्याची सूचना. त्या रात्री तिला शेजारच्या काकूंकडे जाऊन बातम्या बघाव्या लागल्या.

ते मला अजून सलतं. सरकारी प्रसारणाचे पैसे आपण देतच आलो आहोत. वडील रेडिओच्या परवान्याचे पैसे पोस्टात भरायचे. तो परवाना ऐंशीच्या दशकात बंद झाला. आज आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचे पगार केंद्राच्या अनुदानातून होतात, म्हणजे आपल्याच करातून. जानेवारी 2023 मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी 2,539 कोटींची योजना मंजूर झाली. दुर्गम, आदिवासी आणि सीमेवरच्या भागांत फ्री डिशचे 8 लाखांहून जास्त बॉक्स मोफत वाटण्याचं त्यात ठरलं. ज्या वाहिनीसाठी आपण आधीच पैसे दिलेत, ती रिचार्ज संपला म्हणून अंधारात जावी, हे मला पटत नाही.

सरकारी पैशाबरोबर बातम्यांत सरकारचं कौतुक जास्त येतं, हे मलाही जाणवतं. त्यासाठी वर्तमानपत्र हवंच. पण पावसाचा इशारा, शेतीची माहिती आणि प्रादेशिक बातम्या आईला रोज मिळतात. क्रिकेटचंही एक आहे. कायद्याने दूरदर्शनला द्यावे लागणारे भारताचे सामने 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून खासगी डीटीएचवरच्या दूरदर्शनवर दिसत नाहीत, फ्री डिशवर दिसतात.

फ्री डिश घेणारच असाल तर एमपीईजी-4 चा, म्हणजे नव्या प्रकारचा सिग्नल वाचणारा बॉक्स घ्या, साध्या बॉक्सवर काही वाहिन्या येत नाहीत. आमची छत्री जुनीच राहिली. मिस्त्रीने दिशा फिरवली, एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, नवा बसवला, आणि तासाभरात आईने स्वतः सह्याद्री लावली.